फ्रिजवरच्या समस्त मंडळींस

ठाणे

रा. रा. मल्टिव्हिटॅमिन सिरप, सौ. डी-थ्री, श्री. झिंक, लोह आणि बी-बारा, ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल्स, न्यू जर्सीहून मामानं पाठवलेल्या अस्वलाच्या आकाराच्या गमी, आणि धावत्या मुलाचं चित्र असलेला प्रोटीन पावडरचा डबा, यांस



पत्रास कारण की, आपण इतकी वर्षं एका घरात राहतो आहोत, रोज सकाळी माझा हात तुमच्या झाकणांना लागतो, पण आपलं नीट बोलणं असं कधी झालेलं नाही. सकाळी दूध ओतू जात असतं, डबा भरायचा असतो, खाली व्हॅनवाले काका हॉर्न देत असतात. चमचाभर हे, अर्धी ते, वर एक तिसरं, असं तिच्या हातावर ठेवलं की मी पुढच्या कामाला लागते. आज ती दुपारची झोपली आहे, पाऊस लागून राहिला आहे आणि मनात साठलेलं पुष्कळ आहे. म्हणून सविस्तर लिहिते. राग मानू नये, आणि मानलात तरी पत्र शेवटपर्यंत वाचावं.

आधी खुशाली. आमची धाकटी आता नववीत आहे. जानेवारी २०२२ च्या लाटेत घरातल्या सगळ्यांना कोविड झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांचं लसीकरण त्याच महिन्याच्या ३ तारखेला सुरू झालं होतं. तिच्या वयाच्या मुलांची पाळी अजून यायची होती. ताप लवकर उतरला. थोरला लगेच खाली क्रिकेट खेळायला गेला. हिचा खोकलाही थांबला आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग शाळा उघडली. खेळाच्या तासाला ती खो-खो खेळली, त्या दिवशी हसत घरी आली, आणि एक दिवस मध्ये गेल्यावर अंथरुणातून उठेनाशी झाली. हे पुनःपुन्हा होऊ लागलं. सातचा पाढा म्हणताना मध्येच थांबायची आणि माझ्याकडे बघत राहायची. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. आणि फोडणी घातली की नाक दाबून गॅलरीत पळायची, म्हणायची, आई, काहीतरी कुजलंय.

आता ती पुष्कळ बरी आहे, पूर्ण बरी नाही. खो-खोच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला बसून गुण लिहिते आणि ते काम मनापासून करते. घटक चाचणी झाली की दुसरा दिवस झोपेचा, हे आता घरात ठरून गेलं आहे.

तुमचे आभार मानायचे आहेत ते आधीच मानते, कारण पुढे तक्रार आहे आणि तक्रारीनंतर मानलेले आभार कोरडे वाटतात. आमचं कुणी ऐकत नव्हतं त्या दिवसांत तुम्ही आलात. रक्ताचे पहिले रिपोर्ट नॉर्मल आले होते. एका डॉक्टरांनी सांगितलं, ऑनलाइन शाळेची सवय लागली आहे, लाड कमी करा. वर्गातून निरोप आला की मुलगी नाटकं करते. नात्यातले म्हणाले, मोबाइल काढून घ्या, आपोआप उठेल. खालच्या मेडिकलमधल्या काकांनी मात्र काही उलटतपासणी न करता एक बाटली पुढे केली, म्हणाले, ताई, हे द्या, अशक्तपणा जाईल. त्या एका वाक्यात माझ्या मुलीला अशक्तपणा आहे हे कुणीतरी मान्य केलं होतं. लेक रात्री रडत झोपली की सकाळी आईच्या हाताला काहीतरी काम लागतं. चमचा धुवायचा, बाटली हलवायची, माप बघून ओतायचं. ते काम तुम्ही मला दिलंत. हे उपकार मी विसरणार नाही.

खरं तर आपली ओळख त्याहून जुनी. २०२० आणि २०२१ मध्ये तुम्ही घराघरांत शिरलात. क जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या आणि झिंक मेडिकलमध्ये मिळेनासे झाले होते, लोक शेजाऱ्यांसाठीही दोन-दोन पाकिटं घेऊन ठेवत होते. सासूबाईंनी काढा उकळायला घेतला, च्यवनप्राशाचा डबा पुन्हा ओट्यावर आला. भीतीच तशी होती. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसरी लाट ओसरताना, कोविडच्या उपचारांची यादी नव्याने काढली, तेव्हा त्यातून झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही वगळली गेली. सरकारी कागदातून तुम्ही उतरलात, आमच्या फ्रिजवरून काही उतरला नाहीत. आजार गेल्यावर उरलेला थकवा घालवायला म्हणून तुम्ही राहिलात, आणि मग वाढत गेलात.

इथून माझी तक्रार सुरू होते.

तुमच्या डब्याच्या पुढच्या बाजूला ताकद, प्रतिकारशक्ती, एकाग्रता असे मोठे शब्द आहेत. मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचायला कष्ट पडतील अशा अक्षरांत, हे औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत लिहिलेलं आहे. ते लिहिणं आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनी तुम्हाला बंधनकारकच आहे. म्हणजे तुमचा अर्धा भाग मला वचन देतो आणि उरलेला अर्धा ते परत घेतो. आजारी मुलीच्या आईनं यातलं काय वाचायचं? ती पुढची बाजूच वाचते, आणि ती वाचणार हे तुम्हाला घडवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

दुसरी तक्रार श्रेयाची. गेल्या दिवाळीनंतर धाकटी चांगली सावरली. सलग आठवडे शाळेत गेली. तेव्हा मामाचा फोन आला की गमी लागू पडल्या. सासूबाई म्हणाल्या, शतावरी कल्प. शेजारच्या वहिनींनी प्रोटीन पावडरचं नाव घेतलं, कारण ती त्यांनी सुचवली होती. तुम्ही सगळे गप्प उभे होतात आणि श्रेय घेत होतात. डेन्मार्कमध्ये लाँग कोविडच्या, म्हणजे कोविड गेल्यावरही रेंगाळणाऱ्या या आजाराच्या, १२१ प्रौढ रुग्णांवर कोएन्झाइम क्यू-टेन या पूरकाची चाचणी झाली. रोज ५०० मिलिग्रॅम, सहा आठवडे, आणि तितकाच काळ दिसायला तशीच पण पोकळ गोळी. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याच चाचणीत आणखी एक दिसलं: गोळी कुठलीही असो, जसजसे आठवडे गेले तसतशी माणसं आपोआप सुधारत गेली. ते वाचल्यावर मी बराच वेळ तुमच्याकडे बघत बसले होते. माझ्या लेकीच्या शरीरानं इतक्या महिन्यांत सोसून, थांबून, पुन्हा उठून जे कमावलं, ते कुणाच्या नावावर मांडलं जात होतं?

अन्याय नको, म्हणून तुमच्या बाजूचंही लिहिते. रोमच्या जेमेली रुग्णालयात ४६ प्रौढांपैकी निम्म्यांना आर्जिनिन आणि क जीवनसत्त्व एकत्र दिलं, तेव्हा त्यांची सहा मिनिटांत चालण्याची मजल वाढली, थकवा कमी झाला. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठानं ४६३ प्रौढांवर आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचं एक मिश्रण सहा महिने वापरून पाहिलं. थकवा, विसरभोळेपणा, पोटाच्या तक्रारी, यांत पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा ते मिश्रण घेणाऱ्यांना जास्त उतार पडला. हे चांगलं काम आहे आणि ते पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. पण डेन्मार्क म्हणा, रोम म्हणा, हाँगकाँग म्हणा, या तिन्ही चाचण्यांत एकही मूल नव्हतं. रोमच्या चाचणीत सर्वांत लहान माणूस वीस वर्षांच्या पुढचा. आणि डब्यावर चित्र मात्र आठ-नऊ वर्षांच्या धावणाऱ्या मुलाचं!

माझी लेक डोकं ठणकत असताना गणिताचा पेपर देते. विसरलेलं पुन्हा पाठ करते आणि पुन्हा परीक्षेला बसते. तुम्ही तिच्या वयाच्या मुलांसाठी कुठली परीक्षा दिलीत? मुलांच्या लाँग कोविडवर तुमच्यापैकी एकाच्याही बाजूनं भक्कम पुरावा आज उभा नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये या आजारावरची पहिली मार्गदर्शिका काढली. दुकानात सहज मिळणारी जीवनसत्त्वं आणि पूरकं उपयोगी पडतात, अपाय करतात की काहीच करत नाहीत, हे माहीत नाही, असं रुग्णांना समजावून सांगा, अशी सूचना तीत डॉक्टरांना केलेली आहे. इतकं सरळ कुणी माझ्याशी बोललं असतं तर मला ते आवडलं असतं.

आजाराची व्याख्याच मुळी उशिरा झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांच्या लाँग कोविडची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये केली आणि मुलांची फेब्रुवारी २०२३ मध्ये: कोविडनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली, निदान दोन महिने टिकलेली, रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी लक्षणं. तोपर्यंत माझी मुलगी वर्षभर आजारी होती. मुलं सगळ्यात मागे राहिली. व्याख्येत मागे, लशीत मागे, चाचण्यांत मागे. खरेदीच्या यादीत तेवढी सगळ्यांच्या पुढे.

आणि तुमच्या घराण्याला हे शोभत नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. तुमच्या पूर्वजांनी मुलांसाठी परीक्षा दिल्या आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हिएन्नात अन्नाची टंचाई होती आणि मुलांची हाडं मुडदुसानं वाकत होती. हॅरिएट चिक ही इंग्रज संशोधिका आपल्या सहकारी स्त्रियांना घेऊन १९१९ मध्ये तिथे गेली, १९२२ पर्यंत राहिली. क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या बालरुग्णालयात त्यांनी काही मुलांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, काहींना दिलं नाही, काहींना उन्हात ठेवलं, आणि हाडांचे क्ष-किरण फोटो काढून काय होतं ते बघितलं. तेलानं मुडदूस बरा होतो, टळतो, आणि उन्हानंही बरा होतो, हे तिथे सिद्ध झालं. सौ. डी-थ्री, तुमचं माहेर ते. त्या बायांनी मोजल्याशिवाय कुणाला वचन दिलं नव्हतं.

लांब कशाला जायचं, मुंबईचंच बघा. १९२८ मध्ये लूसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे. विल्सबाईंनी त्यांचं खाणं-पिणं तपासलं, परळच्या हाफकिन संस्थेत प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बायकांचं रक्त भरतं हे दाखवलं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कात काय दडलं होतं हे पुढे कळलं: फॉलिक आम्ल. आज आठवड्यातून एकदा शाळेत जी निळी गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोहाच्या सोबतीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. फुकट मिळते, चकाकत्या वेष्टनाशिवाय मिळते, आणि पालकच मुलांना सांगतात की फेकून दे, मळमळतं. त्याच पालकांच्या घरी महागडी गमी कुलपात असते. निळ्या गोळीबाई, तुम्ही आमच्या फ्रिजवर नसता, पण हे पत्र तुमच्याही कानावर जावं. तुमचा मान मोठा आहे.

आता थोडं भीतीचं लिहिते. एका संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि तुमच्या प्रत्येकाच्या पाठीवरचा मजकूर उतरवून काढला. ड जीवनसत्त्व सिरपमध्ये होतं, गमीत होतं, पावडरीत होतं, आणि वरून डी-थ्रीचा सॅशे होताच. तिच्या वयाला दिवसाकाठी लागतात ती ६०० युनिटं. सॅशेत असतात ६०,०००. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी, आठवड्याला एक अशी पुडी दिली तर ती योग्यच असते. मुदत संपल्यावरही दुधात कालवून देत राहिलं की मात्र ती अंगात साठते, कारण क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, ड जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मूत्रपिंडांवर ताण. आणि भूक मरते, मूल गळून जातं. ज्या थकव्यावर म्हणून तुम्हाला आणलं, तो थकवा तुमच्यामुळेही येऊ शकतो, आणि आई आणखी एक चमचा वाढवते. झिंक फार दिवस फार दिलं तर तांबं शोषलं जात नाही आणि त्यातूनच रक्त कमी होतं. बी-सिक्स प्रमाणाबाहेर गेलं तर हातापायांना मुंग्या येतात. लोहाच्या गोळ्या लहान मुलानं मूठभर गिळल्या तर जिवावर बेततं.

म्हणून अस्वलांनो, तुमच्यावर माझा खास राग आहे. लाल, हिरवी, साखर लावलेली गोड रूपं घेऊन तुम्ही आलात. भाचा तीन वर्षांचा आहे, त्यानं बाटली बघताच दोन्ही हात पुढे केले. त्याला तो खाऊच वाटला, आणि वाटावा असाच तुमचा घाट आहे. तुमच्यातल्या काहींना झोपेसाठी मेलाटोनिन घालून पाठवतात. अमेरिकेत २०२३ मध्ये अशा २५ गमींची तपासणी छापून आली. त्यांतल्या २२ वर लिहिलेलं प्रमाण चुकीचं होतं, एकीत तर लिहिल्याच्या साडेतीनपट मेलाटोनिन होतं आणि एकीत मुळीच नव्हतं. त्या देशात १९९४ च्या कायद्यानं पूरकांना विक्रीआधी औषधासारखी मंजुरी लागत नाही. माझ्या भावानं प्रेमानं पाठवलं, विमानातून सांभाळून आणलं, त्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण आतल्या वस्तूची हमी त्याच्याकडे नव्हती, आणि तुमच्याकडेही नव्हती.

आता ज्यांच्याशी माझं भांडण नाही त्यांच्याशी बोलते. श्री. लोह, श्री. बी-बारा, जरा पुढे या. सध्याच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत तिला तपासण्याआधी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग फेरिटिन, बी-बारा, ड, थायरॉइड असं बघायला सांगितलं. साठ्यातलं लोह कमी निघालं, बी-बारा कमी निघालं. आम्ही शाकाहारी, त्यात ती वयात येणारी मुलगी, त्यात वासामुळे अन्न तुटलेलं. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलांपैकी २८ टक्क्यांना पंडुरोग आणि ३१ टक्क्यांना बी-बाराची कमतरता आढळली होती. तेव्हा आपल्याकडे लाँग कोविड झालेलं मूल आधीच रिकाम्या हातानं लढाईला उभं असू शकतं, आणि म्हणून ते तपासलंच पाहिजे. तुम्ही दोघांनी ठरल्या मुदतीत तुमचं काम चोख केलंत. तिची फिकट नखं गुलाबी झाली, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. मैदानावर धावल्यानंतर दोन दिवसांनी येणारं ते कोसळणं मात्र तसंच राहिलं. ते तुमचं कामच नव्हतं, आणि तुम्ही तसा दावाही केला नव्हतात. असं मोजून आलेलं, मोजून राहिलेलं आणि काम झाल्यावर निघालेलं कुणी असलं की त्याच्याबद्दल आदर वाटतो.

उरलेल्या कोसळण्यावर जे उपयोगी पडलं ते कुठल्याही बाटलीत मिळालं नाही. डॉक्टरबाईंनी तिला दिवसाची शक्ती उन्हाळ्यातल्या टँकरच्या पाण्यासारखी वापरायला शिकवली. सकाळी किती आहे ते बघायचं, शाळेला किती, अभ्यासाला किती, आणि थोडी रात्रीसाठी ठेवायचीच. बरं वाटतंय म्हणून सगळी उधळायची नाही. पूर्वी अशा रुग्णांना रोज थोडा-थोडा व्यायाम वाढवायला सांगत. थकव्याच्या जुनाट आजारावरच्या २०२१ च्या ब्रिटिश मार्गदर्शिकेनं तो सल्ला काढून टाकला. उभं राहिल्यावरच्या अंधारीसाठी डॉक्टरबाईंनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, तिचा रक्तदाब आणि नाडी झोपवून, उभं करून तपासल्यावर. ते आम्ही आमच्या पद्धतीनं केलं. सकाळी मीठ घातलेलं ताक, दुपारी कोकम सरबत, पाण्याची बाटली सतत दप्तरात.

आणि वासाचं. हे मला वेगळं लिहायला हवं, कारण आईला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वासानं मुलं भुकेली होऊन स्वयंपाकघरात यायची त्या वासानं माझी लेक पळायची. कांदा, लसूण, कॉफी, तळण, यांचाच वास अशा रुग्णांना सडका येतो. २०२२ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं आणि फिफ्थ सेन्स या संस्थेनं पालकांना सांगितलं की कोविडनंतर अचानक खाण्याची नाटकं करू लागलेलं मूल कदाचित नाटक करत नसेल. त्याला सौम्य, कमी वासाचं अन्न द्या, केळी, पास्ता, साधं चीज, चालत असेल तर बिनवासाचे जीवनसत्त्वयुक्त शेकसुद्धा. मी पास्त्याच्या जागी बिनफोडणीचं वरण आणि भात धरला. दहीभात कोमट नाही, गार. गार अन्नाला वास कमी. नाचणीची आंबील, कारण १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिला वास जवळजवळ नसतो. राजगिऱ्याची चिक्की, हळिवाचा लाडू. पोह्यांवर कांदा नाही, पण लिंबू भरपूर, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा बंद, कारण तो लोह अडवतो. घरातल्या सगळ्यांची फोडणी ती शाळेत असताना, खिडक्या उघड्या ठेवून. सासूबाईंनी ऐंशीव्या वर्षी बिनहिंगाची आमटी रांधायला घेतली आणि एकदाही कुरकूर केली नाही. प्रोटीन पावडरीच्या डब्या, त्या दिवसांत ती काही खात नव्हती तेव्हा दुधातून तुझा आधार झाला, तेही नोंदवते. तू अन्नाच्या जागी तात्पुरता आलास ते ठीक. आता ती खाते.

तर माझी विनंती अशी. तुमच्यापैकी ज्यांना रक्त तपासून, मुदत ठरवून बोलावलं आहे त्यांनी राहावं. बाकीच्यांनी निरोप घ्यावा. तुमच्यावर जाणारे महिन्याचे पैसे मी फळं, दूध आणि वर्षातून एकदा करायच्या तपासण्यांकडे वळवते आहे. तुम्हाला बनवणाऱ्यांना माझा निरोप सांगा की आजारी मुलांच्या आया हा बाजार नाही. ज्यांना खरंच वाटतं की तुमच्यात गुण आहे, त्यांनी व्हिएन्नासारखं, परळसारखं काम करावं. मुंबई-पुण्यात बालरुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पोषणाचे जाणकार आहेत. इथल्या मुलांची, इथल्या आहारावर वाढलेल्या मुलांची नीट चाचणी लावा. इंग्लंडनं जून २०२१ मध्ये मुलांच्या लाँग कोविडसाठी १५ केंद्रं जाहीर केली होती. आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात निदान एक बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एका दिवशी या मुलांसाठी उघडा. माझी मुलगी, डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं आणि तिला पटलं, तर अशा चाचणीत नाव द्यायला तयार आहे. तिनं मला तसं सांगितलं आहे, आणि हे पत्रात लिही असंही सांगितलं आहे.

तुमच्या जागी मी फ्रिजवर एक वही ठेवते आहे. काय खाल्लं, किती झोपली, कधी कोसळली, ते तीच लिहिते. पुढच्या भेटीला डॉक्टरबाईंपुढे ती वही जाईल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
धाकटीची आई

ता. क. सौ. डी-थ्री, तुमचा पुढचा सॅशे द्यायचा की नाही हे रिपोर्ट आल्यावर ठरेल, तोवर वरच्या कपाटात राहावं. आणि तुमच्या पुडीवर वयानुसार किती, किती दिवस आणि कधी थांबायचं, एवढं मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापून घ्या. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, आणि मी कामावर गेले की दुपारचं औषध त्याच देतात.